हंगाम आणि हजेरीपट : बारामती–इंदापूरच्या ऊसपट्ट्यातील स्थलांतरित मुलांच्या शिक्षणाची प्रस्तावना

ऊसतोडणीसाठी दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना, परभणी, धाराशिव अशा जिल्ह्यांतून पुणे जिल्ह्याच्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत जी कुटुंबे येतात, त्यांच्याबरोबर शाळेच्या वयाची मुलेही येतात. ती गाव सोडतात तेव्हा शाळेचे पहिले सत्र नुकतेच आटोपलेले असते, आणि कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळप हंगाम संपून, ती परततात तेव्हा दुसरे सत्र जवळजवळ संपत आलेले असते. त्यामुळे पहिलीपासून प्रत्येक इयत्तेचा साधारण निम्माच भाग त्यांच्या वाट्याला येतो आणि तो निम्मा भाग दरवर्षी तोच असतो : जून ते ऑक्टोबर, पाठ्यपुस्तकाचा पूर्वार्ध. पुस्तकात उशिरा येणारे घटक अशा मुलांना कोणत्याच इयत्तेत नीट भेटत नाहीत. पण बढती मिळत राहते, आणि तिसरी-चौथीच्या पुढे वर्गात काय चालले आहे हे समजेनासे झाले की मूल शाळेतून हळूहळू नाहीसे होते. हे नुकसान थांबवण्यासाठी गेल्या तीन-साडेतीन दशकांत शासनाने, स्वयंसेवी संस्थांनी, काही कारखान्यांनी आणि अनेक शिक्षकांनी जे उपाय योजले, त्यांचा समग्र विचार हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

अशा उपायांना ‘स्थलांतरित मुलांसाठी शैक्षणिक साहाय्य’ असे व्यापक नाव देता येईल. त्यात हंगामी वसतिगृह, कामाच्या ठिकाणची तात्पुरती शाळा, स्थानिक नियमित शाळेतील हंगामी प्रवेश, सकाळ-संध्याकाळचे पूरक वर्ग, लहान भावंडांसाठी पाळणाघर, मुलाची शैक्षणिक नोंद एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवण्याची व्यवस्था आणि शाळेपर्यंत ने-आण, अशी एकमेकांपासून बरीच वेगळी कामे येतात. यांतील बहुतेक कामांविषयी मराठीत वृत्तपत्रीय लेखन झाले असले, तरी त्यातले पुष्कळसे मूळ गावाच्या बाजूने झाले आहे : बीडमधली ओस पडलेली घरे, कुलूप लागलेली दारे, मागे राहिलेले आजी-आजोबा. ज्या प्रदेशात ही मुले वर्षातील पाच-सहा महिने राहतात, त्या प्रदेशाने त्यांच्यासाठी काय करावयास हवे, हा प्रश्न तुलनेने कमी विचारला गेला आहे, आणि म्हणूनच या ग्रंथाने आपली नजर यजमान तालुक्यांवर ठेवली आहे.

बारामती आणि इंदापूर हे यजमान तालुके कसे झाले, हे समजून घेण्यासाठी सुरुवात पाण्यापासून करावी लागते. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, भाटघरचे मोठे धरण १९२८ साली पूर्ण झाले आणि अवर्षणग्रस्त पट्ट्यातल्या जमिनीचा एक भाग बारमाही बागायती झाला. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने वालचंदनगर उभे राहिले व तिशीच्या दशकात तेथे साखर कारखाना सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरच्या सहकारी प्रयोगाच्या पाठोपाठ माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती आणि पुढे सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने निघाले. उजनी धरणाने भीमेकाठचे चित्र पालटल्यानंतर इंदापुरात बिजवडीचा कर्मयोगी आणि नीरा-भीमा हे सहकारी कारखाने व शेटफळगढ्याचा बारामती ॲग्रो हा खासगी कारखाना यांची भर पडली. कालव्याच्या दोन्ही अंगांना ऊस पसरला, पण तो तोडण्याचे काम स्थानिक शेतमजुरांच्या संख्येत किंवा इच्छेत मावणारे नव्हते. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आणि नगरच्या पाथर्डी-शेवगाव भागातून येणाऱ्या मजुरांचा ओघ वाढत गेला तो या गरजेपोटी. एका प्रदेशाला कालवा मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही, या फरकाचा बराचसा भार आज सहा ते चौदा वयाची मुले वाहत आहेत.

हेच दोन तालुके शिक्षणाच्या बाबतीतही राज्यात अग्रेसर मानले जातात, ही बाब येथे नोंदवणे आवश्यक आहे. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून, ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट १९७१ पासून आणि विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून कार्यरत आहेत. माळेगावात शिवनगर विद्या प्रसारक मंडळाचे मोठे संकुल आहे. सोमेश्वरनगर आणि भवानीनगर येथे कारखान्यांच्या आश्रयाने विद्यालये वाढली. सहकारी साखर कारखानदारीने सभासदांच्या ऊसबिलातून टनामागे ठरावीक रक्कम बाजूला काढून शिक्षणसंस्था उभ्या केल्या, हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील अभिमानास्पद भाग आहे. परंतु त्या रचनेत शिक्षणाचा लाभधारक म्हणून डोळ्यांसमोर होता तो सभासदाचा आणि कामगाराचा मुलगा. तोडणी मजूर हा कारखान्याचा नोकर नव्हे, तो मुकादमाचा माणूस, अशी कायदेशीर व व्यावहारिक समजूत असल्याने त्याचे मूल संकुलाच्या कुंपणाबाहेर राहिले. हे कुंपण कोणी मुद्दाम घातले असे म्हणता येणार नाही, पण ते काढण्याची जबाबदारीही फार काळ कोणाची नव्हती.

तोडणीच्या कामाची रचना समजल्याशिवाय शैक्षणिक उपायांचे यशापयश समजत नाही, म्हणून तिच्याकडे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात व तीच मजुरीचे एकक असते. हंगामापूर्वी मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा मध्यस्थ, कोयत्याला ‘उचल’ ही आगाऊ रक्कम देतो आणि ती हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनांतून फेडायची असते. जोडीने काम हेच एकक असल्यामुळे एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ धरले जाते. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की तोही अर्ध्या कोयत्याच्या हिशेबात येऊ लागतो, आणि मुलामुलींची लग्ने लवकर उरकण्याच्या अनेक कारणांपैकी हे एक मोठे कारण आहे. मोठी बहीण धाकट्या भावंडाला सांभाळते, कोपीवर, म्हणजे पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या खोपटावर, पाणी भरते, स्वयंपाकाला लागते. मुलगे मोळ्या बांधू लागतात, उसाचे वाढे गोळा करतात, बैलांकडे पाहतात. पहाटे फडावर जाणाऱ्या आईबापांना मुलांना कोपीवर एकटे सोडणे किंवा बरोबर नेणे एवढेच दोन पर्याय असतात. जी मदत या पहाटेच्या वेळेचा विचार करत नाही, ती दहा-अकरा वाजता शाळेची घंटा वाजेपर्यंत निष्फळ ठरून गेलेली असते.

त्यातही ऊस वाहून नेण्याच्या पद्धतीनुसार वस्तीचे स्वरूप बदलते. बैलगाडीने वाहतूक करणाऱ्यांच्या ‘गाडी सेंटर’मधील कुटुंबे कारखान्याच्या आसपासच्या मोकळ्या जागेत शेकड्यांनी एकत्र राहतात व बहुधा सबंध हंगाम तेथेच असतात. ट्रकवर किंवा ट्रॅक्टरवर डोक्यावरून मोळ्या चढवणाऱ्या ‘डोकी सेंटर’च्या आणि ट्रॅक्टरच्या टोळ्या मात्र दहा-पंधरा कोयत्यांनी शिवारात विखुरतात आणि एका गावातील तोड संपली की कोप्या मोडून दुसऱ्या गावी जातात. गाडी सेंटरच्या शंभर मुलांसाठी कारखान्याच्या मैदानावर एक शाळा काढता येते. नीरेच्या काठावरच्या एखाद्या वस्तीत तीन आठवडे राहणाऱ्या आठ मुलांसाठी ती काढता येत नाही. वाहतूक जसजशी बैलगाडीकडून ट्रॅक्टरकडे सरकत गेली, तसतशी एका ठिकाणी सापडणारी मुले कमी आणि शिवारात पांगलेली मुले अधिक झाली. शिक्षणविषयक चर्चेत या बदलाचा उल्लेख क्वचितच होतो, पण एकेकाळी उपयोगी पडलेले उपाय पुढे अपुरे का वाटू लागले याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलाकडे शाळेने जावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी भागात अंगणवाडीबरोबरच कुरणशाळेचा प्रयोग केला, ज्यात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षणच कुरणात गेले. मुलाचे काम, त्याची वेळ आणि त्याची भाषा हे अडथळे नसून अध्यापनाचे आरंभबिंदू आहेत, ही त्या प्रयोगामागची दृष्टी होती. नव्वदच्या दशकात तिचे नवे अवतार दिसले. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने वीटभट्टी मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. वाघोलीच्या दगडखाणींत संतुलन संस्थेने पाषाणशाळा सुरू केल्या. डोअर स्टेप स्कूलने मुंबईपाठोपाठ पुण्यात बांधकामांच्या जागी वर्ग भरवले. शासनानेही वस्तीशाळा आणि महात्मा फुले शिक्षण हमी योजना यांद्वारे नियमित शाळेच्या चौकटीबाहेर शिक्षण देण्यास मान्यता दिली. या वातावरणात साखरशाळा आकाराला आली. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) जनार्थ संस्थेने २००० नंतरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील अनेक कारखान्यांच्या परिसरात गाळप हंगामापुरत्या साखरशाळा चालवल्या. कारखान्याने जागा द्यायची, संस्थेने शिक्षक व अध्यापन पाहायचे आणि सर्व शिक्षा अभियानातून काही साहाय्य मिळवायचे, अशी सर्वसाधारण मांडणी होती. या विषयावरचा आजही आधारभूत ठरणारा अभ्यास स्मिता या संशोधिकेने केला. २००७ साली आलेले त्यांचे छायाचित्रांसह पुस्तक आणि २००८चा प्रबंध यांनी हंगामी स्थलांतर आणि शाळाबाह्यता यांचा संबंध देशपातळीवर ठळक केला. मध्य महाराष्ट्रातून पश्चिमेकडे तोडणीसाठी जाणाऱ्या सुमारे साडेसहा लाख माणसांत सहा ते चौदा वयाची दोन लाख मुले असावीत, हा त्या काळचा अंदाज तेव्हापासून वारंवार उद्धृत होत आला आहे.

साखरशाळेने काय साधले याचे मूल्यमापन घाईने करू नये. तिने मुलांना दिवसाचे काही तास कामापासून आणि रस्त्यावरील धोक्यांपासून दूर ठेवले, आईबापांशी त्यांच्या वस्तीत जाऊन बोलणारा शिक्षक दिला, आणि ही मुले या तालुक्यांत आहेत हे प्रशासनाला प्रथम दाखवून दिले. मोजणीत न येणाऱ्या मुलांसाठी हे शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे होते. तिचे दुबळेपणही खरे होते. पत्र्याच्या किंवा पाचटाच्या छपरात पाच इयत्ता एकत्र बसत, शिक्षकाचे मानधन अल्प व नेमणूक हंगामापुरती असे, आणि मूल तेथे जे शिकले त्याची दखल गावच्या शाळेने घ्यावीच असे बंधन नव्हते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि तात्पुरती शाळा की नियमित शाळा या वादाला नवे वळण मिळाले. या कायद्याने शाळेला इमारत, शिक्षकसंख्या, पात्रता यांची किमान मानके लावली, वयानुरूप वर्गात प्रवेश आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षण यांचा हक्क दिला, दाखला मिळण्यास उशीर झाला तरी प्रवेश नाकारता येणार नाही असे पाचव्या कलमात सांगितले आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले. गरिबाच्या मुलाला दुय्यम प्रतीची शाळा चालणार नाही, हे त्यामागचे तत्त्व निःसंशय योग्य होते. मात्र तात्पुरत्या शाळा बंद होत गेल्या त्या वेगाने नियमित शाळांची दारे उघडली नाहीत, आणि मधल्या अंतरात मुलांचे बरेच हंगाम गेले.

या टप्प्यानंतर विचारांचे जे प्रवाह स्पष्ट झाले, त्यांत पहिला आणि शासनाला सर्वाधिक जवळचा म्हणजे मुलाला गावीच थांबवण्याचा. हंगामी वसतिगृह या योजनेत पालक गेल्यावर मुले गावात आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात आणि त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेच्या पातळीवर होते. बीड जिल्ह्यात तिचा सर्वाधिक वापर झाला. याच विचाराचे मोठे रूप म्हणजे संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाशी जोडलेल्या या योजनेत ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक व मुलींसाठी एक अशी प्रत्येकी शंभर क्षमतेची ८२ वसतिगृहे काढण्याचा निर्णय २०२१ साली झाला, आणि महामंडळाच्या निधीसाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे रक्कम घेण्याचे तत्त्व मान्य झाले. मुलाची शाळा, भाषा, शिक्षक आणि मित्र बदलत नाहीत, हा या प्रवाहाचा मोठा गुण आहे. पण सात वर्षांच्या मुलीला सहा महिने आईपासून दूर ठेवण्याची किंमत, मागे राहिलेल्या वृद्धांची ताकद, वयात येणाऱ्या मुलीला गावी एकटे ठेवण्याची पालकांना वाटणारी भीती आणि अजून दूध पिणाऱ्या भावंडासाठी हवी असलेली तिची मदत, हे प्रश्न वसतिगृहाच्या भिंतींनी सुटत नाहीत. वसतिगृहे कितीही वाढली तरी मुलांचा एक मोठा हिस्सा आईबापांबरोबर येतच राहतो, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा लागतो.

दुसरा प्रवाह स्थानिक जिल्हा परिषद शाळेत प्रवेशाचा आहे. त्यासाठी शिक्षण हमी पत्रक हे साधन राज्याने आणले : मूळ शाळेने मुलाला त्याच्या इयत्तेची व प्रगतीची नोंद असलेले पत्रक द्यायचे आणि ते दाखवून राज्यातील कोणत्याही शाळेत त्याने हंगामापुरते बसायचे, नाव मात्र मूळ पटावर कायम. २०१७च्या सुमारास सुरू झालेल्या बालरक्षक उपक्रमात शाळाबाह्य मुलांचा माग काढून त्यांना वर्गात आणणारे शिक्षक स्वेच्छेने पुढे आले आणि २०२२ साली ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ या नावाने राज्यभर शोधमोहीम झाली. तिसरा प्रवाह जुन्या साखरशाळेचाच वारसा सांगतो, पण पर्यायी शाळा होण्याचा दावा सोडून. सोमेश्वर कारखान्याच्या परिसरात ‘कोपीवरची शाळा’ या नावाने झालेले काम या अर्थाने लक्षणीय आहे : वस्तीवर जाऊन शिकवायचे, आणि त्याच वेळी मुलाला जवळच्या शाळेशी जोडण्यासाठी प्रयत्न करायचा. चौथा प्रवाह शिक्षणाच्या क्षेत्राबाहेरून येतो व म्हणतो की उचल, दर आणि मुकादमी यांचा प्रश्न सुटल्याशिवाय, आणि मूळ गावात पाणी व काम आल्याशिवाय, शाळेने कितीही धावपळ केली तरी ती अपुरीच पडेल. कामगार संघटना आणि यान ब्रेमन यांच्यासारख्या अभ्यासकांची मांडणी या दिशेची आहे. ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या कारखान्यांवर खानदेशातून जाणाऱ्या तोडणी मजुरांविषयी जे लिहिले, ते पश्चिम महाराष्ट्रालाही पुष्कळ अंशी लागू पडते. हा प्रवाह मूलतः बरोबर आहे. परंतु आज दुसरीत असलेले मूल दर ठरण्याची वाट पाहू शकत नाही.

या सर्व प्रवाहांच्या मुळाशी असलेली एक प्रशासकीय गाठ ग्रंथाने विशेष लक्ष देऊन तपासली आहे, कारण ती सुटल्याशिवाय चांगल्या हेतूंचा उपयोग मर्यादित राहतो. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेने ठरते. संचमान्यता म्हणजे पटावरील विद्यार्थिसंख्येवरून शिक्षकपदे निश्चित करण्याची वार्षिक प्रक्रिया, आणि तिचा आधार ३० सप्टेंबरचा पट हा असतो. तोडणीची कुटुंबे गाव सोडतात ती बहुतेक त्यानंतर. त्यामुळे मूळ गावच्या शाळेसाठी ही मुले पटावर असणे हा शिक्षकाच्या पदाचा प्रश्न असतो, आणि मूल गेल्यावर ते गेले आहे असे लिहिणे तिला परवडत नाही. उलट बारामती-इंदापुरातील एखाद्या वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत नोव्हेंबरमध्ये पंधरा नवी मुले आली, तर त्यांच्यासाठी शिक्षक वाढत नाही, पाठ्यपुस्तके जूनमध्येच वाटून झालेली असतात, पोषण आहाराच्या धान्याची मागणी नव्याने करावी लागते, आणि फेब्रुवारीत टोळी उठून गेली की वर्षअखेरीच्या मूल्यमापनात हीच मुले त्या शाळेच्या प्रगतीवरचा डाग ठरण्याची भीती असते. अशा शाळेतील शिक्षक मुलांना वर्गात घेतात ते बहुतेक वेळा व्यवस्थेमुळे नव्हे, स्वतःच्या सद्भावनेमुळे. सद्भावनेवर चालणारा हक्क हा हक्क नसतो. पट ठिकाणाने मोजला जातो आणि मूल हंगामाने जगते, ही विसंगती दूर करण्यासाठी यजमान शाळेला डिसेंबरात दुसरी मोजणी, हंगामी शिक्षक आणि पुस्तकांचा राखीव संच मिळावा, व मूळ शाळेला मूल गेल्याची खरी नोंद केल्याबद्दल पद गमवावे लागू नये, अशी या ग्रंथाची भूमिका आहे. २०१५ पासूनच्या ‘सरल’ प्रणालीमुळे राज्यातील प्रत्येक विद्यार्थ्याची संगणकीय नोंद अस्तित्वात आली असल्याने तांत्रिकदृष्ट्या हे अवघड राहिलेले नाही.

नोंद मुलाबरोबर प्रवास करू शकते, पण तेवढे पुरत नाही, हा धडा अन्यत्रही मिळालेला आहे. अमेरिकेत शेतमजुरांच्या मुलांसाठी १९६६ साली संघराज्याच्या निधीतून स्वतंत्र शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे या मुलांच्या नोंदी संगणकावर ठेवणारी देशव्यापी यंत्रणा उभी राहिली, जी संगणकाच्या त्या बाल्यावस्थेत मोठेच धाडस होते. ती यंत्रणा नव्वदच्या दशकात बंद पडली. माहिती शाळेपर्यंत उशिरा पोहोचे आणि पोहोचल्यावर वर्गातील शिक्षक ती फारशी वापरत नसे, अशा तक्रारी तिच्याविषयी होत्या. पुढे तिची जागा नव्या प्रणालीने घेतली. मात्र त्या देशाने एक गोष्ट आरंभापासून केली : हंगामी मुलासाठीचा पैसा मूळ गावाच्या किंवा यजमान गावाच्या शिक्षण अंदाजपत्रकावर न टाकता वरच्या पातळीवरून दिला. युनेस्कोच्या २०१९च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषयच स्थलांतर हा होता, आणि त्यातील भारताविषयीची आकडेवारी या संदर्भात बोलकी आहे : २०१३ साली देशाच्या ग्रामीण भागात हंगामी स्थलांतर करणारी व्यक्ती असलेल्या कुटुंबांत सहा ते चौदा वयाची १ कोटी ७ लाख मुले होती, आणि अशा कुटुंबांतील १५ ते १९ वयोगटात निरक्षर किंवा प्राथमिक शिक्षण अपुरे राहिलेल्यांचे प्रमाण २८ टक्के होते, तर त्या वयोगटात एकंदरीत ते १८ टक्के होते.

बारामती-इंदापूरची निवड केवळ कारखान्यांच्या संख्येमुळे झालेली नाही. हे तालुके स्थलांतराच्या एकाहून अधिक वाटांवर आहेत. बारामती औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेल्या कामगारांची हिंदी व भोजपुरी बोलणारी मुले आहेत, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर आलेली कुटुंबे आहेत, आणि तोडणी टोळ्यांतही बंजारा, भिल्ल अशा समाजांतील मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकातील मराठीपासून दूर असते. दुसरीकडे याच तालुक्यांच्या जिरायती भागातील मेंढपाळ धनगर मेंढरांचे वाडे घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडे निघतात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात, ही परंपरा माधव गाडगीळ आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्या अभ्यासांमुळे सर्वज्ञात झाली आहे. म्हणजे ज्या दिवसांत बीडचे मूल बारामतीच्या शिवारात येते, त्याच दिवसांत बारामतीचे मूल मेंढरांमागे घाट उतरत असते. एकाच तालुक्याच्या शिक्षण विभागाला आलेल्या मुलांचे यजमानपद आणि गेलेल्या मुलांचे पालकत्व ही दोन्ही कर्तव्ये एकाच महिन्यात पार पाडावी लागतात, आणि त्यामुळे प्रश्नाच्या दोन्ही बाजू समजण्याची जी संधी येथे आहे ती इतरत्र सहसा सापडत नाही.

हा विषय आत्ताच हाती घेण्यास आणखी कारणे आहेत. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२०ने स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी नागरी संघटनांच्या सहकार्याने पर्यायी व नावीन्यपूर्ण केंद्रे काढण्याचा उल्लेख पुन्हा केला आहे, त्यामुळे २०१० साली मागे पडलेला वाद पुन्हा सुरू होणे अपरिहार्य आहे. ही केंद्रे नियमित शाळेकडे नेणारा पूल होतील की स्वस्त पर्याय, हे आत्ताच ठरवावे लागेल. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान यांवर राज्यभर भर दिला जात असताना, जे मूल प्रत्येक वर्षाचा उत्तरार्ध गमावते त्याच्यासाठी पायाभूत कौशल्यांचे वेळापत्रकच वेगळे आखावे लागेल. ऊसतोडणी यंत्रांची संख्या वाढत आहे. यंत्रांमुळे स्थलांतर संपेल असे काही जण मानतात, परंतु लहान, तुकड्यातुकड्यांच्या आणि ओल्या शेतांत कोयताच चालत राहणार असून टोळ्या अधिक विखुरतील, मुलांपर्यंत पोहोचणे अधिक कठीण होईल, ही शक्यता अधिक वाटते.

प्रस्तुत ग्रंथ योजनांची जंत्री देत नाही किंवा एखाद्या उपक्रमाचा गौरवही करत नाही. कोपीपासून वर्गाच्या दारापर्यंत आणि बारामतीच्या वर्गापासून गावच्या परीक्षेपर्यंत मुलाचा मार्ग कोठे कोठे तुटतो आणि त्या प्रत्येक तुटलेल्या जागी कोणाचे काय काम आहे, हे पाहण्याचा प्रयत्न त्यात आहे. म्हणून शिक्षक आणि गटशिक्षणाधिकारी यांच्याइतकेच कारखान्याचे शेतकी अधिकारी, मुकादम, अंगणवाडी सेविका, सरपंच आणि ज्यांच्या फडात टोळी उतरते ते शेतकरीही त्याचे अपेक्षित वाचक आहेत. कोणत्या शिवारात किती कोयते केव्हा येणार आणि तेथून केव्हा हलणार हे कारखान्याच्या शेतकी विभागाला तोडणी कार्यक्रमामुळे आधीच माहीत असते. ती यादी वेळेवर पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे गेली, तर मुलांचा शोध घेण्यात जाणारा हंगामाचा पहिला महिना वाचेल. तान्ह्या भावंडासाठी पाळणाघर नसेल तर मोठी बहीण शाळेत येणार नाही, म्हणून अंगणवाडी हा या ग्रंथात शिक्षणाचाच भाग मानला आहे. शाळेची वेळ, कोपीपासूनचे अंतर, कालव्याच्या रस्त्यावरून लहान मुलांना कोण नेणार, टोळी हलल्यावर पत्रक कोणाच्या हाती द्यायचे, अशा वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नांना त्यात मोठ्या धोरणांइतकीच जागा दिली आहे, कारण मूल शाळेत टिकते किंवा सुटते ते बहुधा याच ठिकाणी.

मांडणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. माध्यमिक शाळेतील, विशेषतः आठवीनंतरच्या मुलींचा प्रश्न येथे पूर्णपणे हाताळलेला नाही. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण चौदा वर्षांपर्यंतच असल्याने आणि त्या वयात विवाह, मजुरी व शिक्षण एकमेकांत गुंतत असल्याने त्यासाठी स्वतंत्र ग्रंथाची गरज आहे. औद्योगिक कामगारांच्या व मेंढपाळांच्या मुलांविषयीचा भागही तुलनेने आखूड आहे. ऊसतोड कुटुंबांकडे केवळ असहाय म्हणून पाहण्याची सवय मात्र या लेखनाने कटाक्षाने टाळली आहे. ज्या आईबापांनी उचलीच्या ओझ्याखालीही मुलाचे दप्तर गाडीत भांड्याकुंड्यांबरोबर भरून आणले, त्यांची शिक्षणाविषयीची ओढ सिद्ध करून दाखवण्याची गरज नाही. दप्तर येथवर आल्यावर ते उघडण्यासाठी जागा, शिक्षक आणि वेळ देणे हे यजमान तालुक्यांचे, कारखान्यांचे आणि राज्याच्या शिक्षण विभागाचे काम आहे, आणि ते कसे करता येईल याची चर्चा पुढील प्रकरणांत आहे.